सगळं गाव चालवतं मला

मित्रांनो, मी एक जुनी यूट आहे. जुनी म्हटलं तर मला राग येत नाही, कारण वय लपवायला माझ्या अंगावर रंगच उरलेला नाही. 'भंगार' म्हटलं की मात्र येतो. पुढे तिघांची एकच लांब बैठक आणि मागे उघडा हौदा, असल्या गाडीला इथे यूट म्हणतात. आमच्या मॅरल क्रीक गावात जवळजवळ प्रत्येक घराखाली अशी एक तरी असते. घराखाली म्हणाले, ते अगदी खरं. इथली जुनी लाकडी घरं उंच खांबांवर उभी असतात, कारण नदीचा काही नेम नाही. वर माणसं राहतात आणि खाली सावलीत गाडी, कपडे धुण्याचं यंत्र आणि मोडक्या खुर्च्या. बोलणीही सगळी खालीच होतात, गार वाटतं ना! त्यामुळे झामितांच्या घरातलं माझ्यापासून काही लपून राहत नाही.

माझा जन्म फार दूर, दक्षिणेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तो कारखाना केव्हाच बंद पडला. तिथल्या माणसांनी मला पट्ट्यावरून ढकलत ढकलत दारं लावली, काच बसवली, आणि शेवटी एकाने टपावर थाप मारली. तेव्हा माझा रंग दुधासारखा पांढरा होता. मला आगगाडीवर चढवून उत्तरेला, उसाच्या मुलखात आणलं आणि रे झामितने मला विकत घेतलं.

रेचे आईबाप माल्टा बेटावरून ऊस तोडायला इथे आले आणि इथलेच झाले. रे साखर कारखान्यात फिटर. पहिल्या अख्ख्या गाळप हंगामाच्या पगारात त्याने मला घेतलं. काय कौतुक करायचा माझं! दर रविवारी चर्चहून आला की शर्ट काढायचा, बादली घ्यायचा आणि माझी चाकंसुद्धा घासायचा. एका वर्षी गावच्या जत्रेत सगळ्यात चकचकीत यूट म्हणून मला निळी रिबन मिळाली. ती कितीतरी दिवस आरशाला लटकत होती. रेच्या लग्नात नवरी बर्निस माझ्याच बैठकीवर बसून आली, पांढऱ्या झग्यात. हौद्यात तिच्या मावश्या मांडीवर पास्टिझीची, म्हणजे चीज भरलेल्या माल्टाकडच्या करंज्यांची, ताटं धरून बसल्या होत्या. वाटेत एक गरमागरम पास्टिझी सांडून तिचा तेलकट डाग हौद्याला पडला, तो मी कधी जाऊ दिला नाही.

मग एके दिवशी कारखान्यात रे शिडीवरून पडला. पाठीला मार बसला तो कायमचा. नोकरी गेली, पेन्शन थोडी. बर्निस बोलिंग क्लबच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. रविवारची बादली थांबली. रेला वाकता येत नव्हतं आणि बर्निसला वेळ नव्हता. माझ्या हौद्याच्या कोपऱ्यात माती साचली, मातीत गवत उगवलं. निळी रिबन उन्हाने राखाडी झाली आणि गळून पडली. मी तक्रार केली नाही. पण वाईट वाटायचं, हो, का खोटं बोलू?

पावसाळा तोंडावर आला की इथे सगळ्यांच्या घरी विम्याची पत्रं येतात. त्या वर्षी आलेली पत्रं वाचून बर्निस खाली येऊन बसली आणि हिशेब मांडायला लागली. घराचा हप्ता वाढला होता आणि माझाही. दोन्ही भरले तर किराणा कशातून आणायचा, असा सरळ प्रश्न होता. रे मोडक्या खुर्चीत उशी घेऊन बसला. आणि अशा वेळी न बोलावता येणारा माणूस आलाच. रेचा धाकटा भाऊ नेव्ह.

नेव्ह मनाचा वाईट नाही. त्याचं तोंड डोक्याच्या आधी पोहोचतं, एवढंच. त्याच्याकडे नवीकोरी मोठी गाडी होती, तिच्यासाठी तो जिवापाड खर्च करायचा. आल्या आल्या त्याने खालच्या जुन्या फ्रिजमधली बिअर काढली आणि माझ्या बॉनेटला टेकून उभा राहिला.

"सोपं आहे," तो म्हणाला. "घराचा पुराचा विमा काढून टाक. मी टाकला. हप्ता अर्धा झाला!"

"पूर आला म्हणजे?" बर्निसने विचारलं.

"अगं बर्न, असला पूर शंभर वर्षांतून एकदा येतो."

"आमच्या लग्नापासून ही तिसरी शंभर वर्षं चालू आहेत," रे खुर्चीतून म्हणाला.

"पण पाणी वरच्या फळ्यांना कधी लागलंय का? सांग ना!"

"लागलं नाही म्हणून लागणारच नाही, असं नदीने लिहून दिलंय तुला?" बर्निस म्हणाली.

मग तिने जे केलं ते मी आजपर्यंत विसरले नाही. ती उठली, माझ्याकडे आली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता गवत उपटते. ती म्हणाली, "रे, ही विकली तर काय येईल?"

"दोन हजार डॉलर. फार तर."

"हौद्यातल्या गवतासकट का?" नेव्ह खिदळला.

"दोन हजारांच्या गाडीचा पूर्ण विमा म्हणजे नाकापेक्षा मोती जड," बर्निस म्हणाली. "ही उद्या गेली तर मी सायकलवर क्लबला जाईन. वाईट वाटेल, पण जाईन. हे घर गेलं तर तुझी ही पाठ घेऊन आपण राहायचं कुठे? हिचा पूर्ण विमा बंद. ते पैसे घराला."

मित्रांनो, माझं इंजिन थंडच होतं, पण आतून मी आणखी गार पडले. ज्या बाईला मी लग्नाच्या झग्यात आणलं, तिने माझी किंमत सायकलीखाली केली. मी त्या दिवसापासून रुसले. सकाळी सुरू व्हायला मुद्दाम दोन-तीन खाकरे घ्यायचे.

पण त्या दुपारी बर्निस एवढ्यावर थांबली नाही. घराचा विमा केवढ्याचा घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. नेव्ह म्हणाला, शेजारचं घर विकलं गेलं तेवढ्याचा घे.

"त्या किमतीत जमीन धरलीय," बर्निस म्हणाली. "जमीन कुठे वाहून जाते? घर परत उभं करायला काय लागेल, तेवढ्याचाच घ्यायचा. मी सुतारांना विचारून आलेय." मग तिने आणखी एक केलं. नुकसान झालं की पहिले काही पैसे आपल्या पदरचे भरायचे असतात आणि त्यापुढचे कंपनी देते. हा पदरचा वाटा तिने जास्त ठरवला, म्हणजे हप्ता उतरला. "पण मग तो वाटा आपल्याकडे खरंच असायला हवा," ती म्हणाली आणि रेकडे बघितलं. रेने पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाला, "होडी वीक." त्याची मासे धरायची पत्र्याची छोटी होडी, तेवढी एकच मौज त्याला उरली होती. होडी गेली आणि ते पैसे बँकेत वेगळ्या खात्यात पडले. त्याला हात लावायचा नाही, असं दोघांनी ठरवलं.

"आता राहिला दुसऱ्याच्या गाडीचा विमा," बर्निस म्हणाली. "आपली गाडी कोणावर आपटली तर त्याची भरपाई देणारा. हा स्वस्त आहे. हा हवाच."

नेव्हने कपाळावर हात मारला. "अगं, तो रेगोबरोबर आपोआप येतो! दर वर्षी गाडीची नोंदणी करतो, त्यात विमा भरतोच की आपण."

ही चूक आमच्या गावात निम्मी माणसं करतात, म्हणून नेव्हला एकट्याला हसू नका. बर्निसने शांतपणे सांगितलं, "रेगोतला विमा हाडांचा, पत्र्याचा नाही. कोणाचं हाड मोडलं तर तो कामी येतो. कोणाची गाडी चेपली तर तू आणि तुझा खिसा."

"तुला कोणी सांगितलं?"

"विचारलं मी. तोंड त्यासाठीच दिलंय देवाने."

मग तिने कंपनीला फोन लावला आणि तो बॉनेटवर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. फोनवरच्या बाईने विचारलं, "गाडी तुमच्याशिवाय आणखी कोण चालवतं?"

नेव्ह हात हलवून खुणा करू लागला. कोणी नाही म्हण! एकच नाव सांगितलं की हप्ता आणखी कमी होतो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

बर्निस म्हणाली, "एरवी मी आणि नवरा. पुरात सगळं गाव चालवतं."

"सगळं गाव म्हणजे?"

"आमच्याकडे नदी चढली की सगळ्या गाड्या कबरस्तानाच्या टेकडीवर नेतात. तेवढीच जागा उंच. गाड्या एकीला एक चिकटून उभ्या करायच्या आणि चाव्या आतच ठेवायच्या. मधली गाडी काढायची असली की जो कोणी जवळ असेल तो पुढची हलवतो. जुनी पद्धत आहे."

"पण चावी आत ठेवली तर कोणी चोरून नेईल ना?"

"नेणार कुठे? रस्तेच बुडालेले असतात."

पलीकडची बाई हसली. मग तिने सांगितलं की परवाना असलेला कोणीही मोठा माणूस चालवेल, असा विमा घेता येतो. थोडे जास्त पडतील. चाव्यांचंही तिने लिहून घेतलं.

"तोच द्या," बर्निस म्हणाली.

फोन ठेवल्यावर नेव्हने मान हलवली. "हात दाखवून अवलक्षण! कोणी विचारायला आलं असतं का टेकडीवर?" जाताना त्याने माझ्या टपावर थाप मारली. "म्हातारे, आता तू बुडालीस तरी तुला कोणी विचारणार नाही."

फेब्रुवारीत नदी चढली. दोन दिवस पाऊस खळला नव्हता. दुपारी कारखान्याचा भोंगा लांबलचक वाजला, म्हणजे टेकडीवर चला. बर्निसने खालचं यंत्र, खुर्च्या, तांदळाची पोती शेजाऱ्यांच्या मदतीने वर चढवली. मग रेला माझ्यात बसवलं, टेकडीच्या चढावरच्या शाळेच्या सभागृहात सोडलं आणि मला टेकडीवर आणलं. चावी आतच ठेवली आणि निघताना माझ्या दारावर हात ठेवला. मी रुसलेलीच होते, तरी तो हात मला कळला.

अख्खं गाव टेकडीवर दाटीने उभं होतं. ट्रॅक्टर, शाळेची बस, पावाची गाडी, नेव्हची नवीकोरी. माझ्या मागे, उताराच्या बाजूला, औषधाच्या दुकानाच्या जोसलिनबाईची चंदेरी गाडी होती. परदेशातून आलेली, महिन्याभरापूर्वीची. तिच्या दिव्यांना सुद्धा नाक मुरडता येत होतं, असं मला उगीच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बचावदलाची होडी एका ओढगाडीवर लादून आली. नदीकाठच्या आळीत काही म्हातारी माणसं छपरावर अडकली होती. होडी टेकडीच्या पलीकडच्या बाजूने पाण्यात सोडायची होती आणि मी बरोबर वाटेत.

"यूट कोणाची? काढा बाजूला!"

"माझ्या भावाची!" नेव्ह ओरडला आणि पळत येऊन माझ्यात चढला.

आता, नेव्हला कित्येक वर्षं आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीची सवय. माझी गोष्ट वेगळी. मला क्लच आहे, आणि तो हळूच सोडायचा असतो. ओलं गवत, वर उतार. नेव्हने हातब्रेक सोडला, क्लच झटक्यात सोडला आणि मी खोकून बंद पडले. त्याने घाबरून ब्रेक समजून पुन्हा क्लचच दाबला. मी मागे घसरले. चाकं गवतात काही केल्या धरेनात. मी माझा सगळा जाडजूड मागचा भाग त्या चंदेरी गाडीच्या तोंडात घातला.

आवाज फार मोठा झाला. तिच्या नाकाची पार घडी झाली, दिवे फुटले, खालून पाणी गळायला लागलं. होडीला मात्र वाट झाली. ती माझ्या शेजारून निघून गेली आणि दुपारपर्यंत छपरावरची सगळी माणसं घेऊन परत आली. ते आधी सांगते, कारण ते जास्त महत्त्वाचं.

नेव्ह खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा माझ्या जुन्या रंगाचा झाला होता. जोसलिनबाई छत्री घेऊन आली. तिने गाडीकडे बघितलं, मग होडीच्या दिशेने बघितलं. "माणसं आधी," ती म्हणाली. "पण नेव्ह, हिला विमा आहे ना रे? माझ्या गाडीचं अजून सगळं फेडायचंय. मला भरपाई मागावीच लागेल."

नेव्ह वाकून फुटलेल्या दिव्यांची काच वेचायला लागला. त्याला असं वाकलेलं पहिल्यांदाच बघितलं मी.

संध्याकाळी बर्निस चहाचा थर्मास घेऊन टेकडीवर आली. पाणी घरात शिरल्याचं तिला नुकतंच कळलं होतं. वरच्या फळ्यांवर गुडघाभर. तिचे डोळे लाल होते. आणि त्यातच नेव्ह तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, संपलं; नेव्हचं नाव विम्यात कुठे होतं? त्या चंदेरी नाकाची भरपाई म्हणजे रेची होडी विकून ठेवलेले पैसे आणि वर आणखी कितीतरी. ते गेले तर घराचा पदरचा वाटा कुठून येणार? आणि तो नसेल तर घर उभं कसं राहणार?

"बर्न," नेव्ह म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "तू त्या दिवशी फोनवर सगळं गाव म्हणालीस. त्या गावात मी येतो का गं?"

बर्निसने माझा चेपलेला मागचा भाग बघितला. जोसलिनबाईची गाडी बघितली. मग थर्मासचं झाकण काढून त्यात चहा ओतला आणि नेव्हच्या हातात दिला.

"तुझ्यासाठीच तर म्हणाले होते, गाढवा. न विचारता माझी गाडी नेणारा या गावात दुसरा कोण आहे?"

नेव्ह चहा न पिता तसाच रडला. बर्निसही रडली. पाऊस होताच, त्यामुळे फारसं कोणाला दिसलं नाही.

मित्रांनो, पुढचं सगळं झटपट झालं असं सांगणार नाही. चंदेरी गाडीची भरपाई त्या स्वस्त विम्यातून मिळाली. ती रक्कम माझ्या किमतीच्या कितीतरी पट होती. घरासाठी कंपनीची माणसं तीनदा येऊन भिंती ठोकून गेली, पत्रं मागितली, महिने लावले. घरातल्या सामानाचा विमा बर्निसने थोडकाच घेतला होता, त्यामुळे सोफा गेला तो गेलाच. पण रेच्या होडीचे पैसे खात्यात जागच्या जागी होते. ते पदरचे म्हणून भरले आणि घर पुन्हा उभं राहिलं. नव्या फळ्यांचा वास खालपर्यंत यायचा.

नेव्हचं घर विटांचं, जमिनीलगत. पाणी त्याच्या छपरापर्यंत गेलं. नदी चढायला लागली तेव्हा त्याने घाईघाईने कंपनीला फोन करून पुराचा विमा मागितला होता. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेला! आता घेतलात तरी या पुराला तो लागू होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या नव्या गाडीवर मात्र एक ओरखडा नाही. पण गाडीत पाय पसरून झोपता येत नाही. म्हणून त्याचं घर होईपर्यंत तो आमच्याकडे आला. वर जागा कमी, तेव्हा खाली, माझ्या शेजारी, खाटेवर.

माझ्यासाठी कंपनीने एक पैसा दिला नाही. तसं ठरलेलंच होतं. माझा मागचा दिवा फुटला होता, हौद्याची मागची फळी वाकली होती. पहिले काही दिवस मी म्हटलं, बघा, शेवटी मला कोणी विचारलंच नाही. मग एका रविवारी रे उशी घेऊन खाली आला, खुर्ची माझ्यामागे ओढली आणि बसून म्हणाला, "नेव्ह, हातोडा." नेव्ह वाकला, रेने सांगितलं, दोघांनी मिळून दुपारभर फळी ठोकून सरळ केली. दिवा भंगारवाल्याकडून आणला. तो लाल थोडा वेगळाच आहे, पण पेटतो. मग नेव्हने बादली भरली आणि माझी चाकं घासली. हौद्यातलं गवत उपटलं. पास्टिझीचा डाग राहू दे, असं रे म्हणाला. त्या दिवसापासून मी पहिल्या किल्लीला सुरू होते.

म्हणून लेकरांनो, मोठी माणसं घरी हिशेब करत बसली की त्यांना एक विचारा. हे उद्या गेलं तर आपल्याला सोसेल का? सोसेल त्याच्यावर प्रेम करा, त्याला तेलपाणी करा, धुवा. सोसणार नाही त्याचा विमा काढा. आणि आपल्या हातून दुसऱ्याचं काय मोडेल, तेही विसरू नका. ते कधीच सोसत नाही.

या वर्षी पावसाळ्याआधी बर्निसने पुन्हा फोन लावला आणि माझ्या बॉनेटवर ठेवला. कोणीतरी दुसरीच बाई होती. तिने विचारलं, "गाडी तुमच्याशिवाय आणखी कोण चालवतं?"

बर्निस बोलायच्या आत खाटेवरून नेव्ह उठला. फोनकडे वाकून म्हणाला, "सगळं गाव चालवतं. आणि मीसुद्धा. माझं नाव आधी लिहा."